येणाऱ्या बंदुका, जाणाऱ्या बायका

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी एक कागद घेऊन आल्या. त्यांची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली आहे. घरात दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या, कुणाकडून तरी वजनकाटा आणलेला, मेतकूट आत की बाहेर यावर रोज चर्चा. कॉलेजकडून आलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात हा कागद होता. लेकीने वाचून बाजूला ठेवला होता, तो आईच्या हाती लागला. आवारात कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याच्या सूचना होत्या त्यात. आधी पळा. पळता आलं नाही तर लपा, दार आतून अडवा, फोनचा आवाज बंद करा. तेही जमलं नाही तर हाती येईल त्या वस्तूने सामना करा. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात. मला सांगा, शिकायला जाणाऱ्या पोरीला हे कशाला शिकवायचं?"

मी त्यांना चहा दिला, पण उत्तर काही धड दिलं नाही. ते आज देते.

त्यासाठी आधी एका मुलाची गोष्ट सांगते. योशिहिरो हात्तोरी त्याचं नाव, सगळे त्याला योशी म्हणत. जपानमधल्या नागोया शहराचा. वय १६. १९९२ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून तो अमेरिकेत आला, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज गावी. एका प्राध्यापकांच्या घरी राहायचा. त्यांची पत्नी डॉक्टर, मुलगा योशीच्याच वयाचा. येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १७ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, ही दोघं मुलं एका पार्टीला निघाली. हॅलोविनचे दिवस होते. त्या सणात मुलं सोंगं घेतात, घरांवर भुताखेतांची सजावट असते. योशीने जॉन ट्रॅव्होल्टासारखा पांढरा सूट घातला होता. त्याला नाचाची आवड होती.

घराच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले आणि मुलं भलत्याच दाराशी गेली. त्या घरावरही सणाची सजावट होती, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. त्यांनी घंटी वाजवली. घरातल्या बाईंनी बाजूचं दार उघडलं, अनोळखी मुलं पाहिली आणि दार आपटून लावलं. नवऱ्याला ओरडून बंदूक आणायला सांगितलं. मुलं परत फिरली होती. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं, आणि योशी हसत पुढे गेला. आम्ही पार्टीला आलोय, असं तो सांगत होता. दारातल्या माणसाच्या हातात मोठं रिव्हॉल्वर होतं. तो ओरडला, "फ्रीझ!"

आपल्याला फ्रीझ म्हणजे भाजी ठेवायचं कपाट. योशी शाळेत इंग्रजी शिकला होता, त्यालाही गोठणं एवढाच अर्थ ठाऊक असणार. बंदूक रोखून हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ "हलू नकोस, नाहीतर गोळी घालीन" असा होतो, हे पुस्तकात नसतं. तो थांबला नाही. पाच फुटांवरून गोळी छातीत लागली. रुग्णवाहिकेत त्याचा जीव गेला.

आता विचार करा. त्याचा सोबती अमेरिकन मुलगा होता. त्याने बंदूक ओळखली, तो मागे राहिला. योशी का नाही थांबला? भाषेचं कारण आहेच. पण मला वाटतं भाषेहूनही मोठं काहीतरी होतं. ज्या देशात तो वाढला, तिथे घराच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थाच्या हातात खरी बंदूक असू शकते ही कल्पनाच कुणाच्या मनात नसते. ती भीती त्याला कुणी शिकवलेलीच नव्हती, कारण शिकवायची गरज पडली नव्हती. ही गरज का पडली नाही हे समजायला चारशे वर्षं मागे जावं लागेल. आणि तिथे बंदुकांबरोबर आपल्याला बायकाही भेटणार आहेत, म्हणून जरा निवांत सांगते.

जपानमध्ये बंदूक आली १५४३ साली, तानेगाशिमा नावाच्या बेटावर, पोर्तुगीज माणसांच्या हातून. जपानी लोहारांनी ती बघता बघता बनवायला घेतली. तीस-पस्तीस वर्षांत तिथल्या सरदारांच्या लढाया बंदुकींवर होऊ लागल्या. म्हणजे या लोकांना बंदूक माहीत नव्हती, आवडत नव्हती, असं अजिबात नाही. मग तोयोतोमी हिदेयोशी नावाच्या सेनानीने देश एका छत्राखाली आणता आणता १५८८ मध्ये हुकूम काढला की शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, धनुष्यं, बंदुका, सगळं सरकारजमा करावं. कारण काय दिलं? क्योतोला बुद्धाची भव्य मूर्ती उभी राहते आहे, तिच्या कामाला खिळे आणि पट्ट्या हव्यात. तुमचं लोखंड पुण्यकार्याला लागेल, या जन्मी सुख आणि पुढच्या जन्मीही. हिदेयोशी स्वतः साध्या घरातून वर आलेला. हाती शस्त्र असलेला साधा माणूस कुठवर चढू शकतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

त्याच्यानंतर तोकुगावा घराण्याचं राज्य आलं, १६०३ पासून. राजधानी एदो, म्हणजे आजचं टोकियो. या राज्यकर्त्यांनी सरदारांवर एक अजब बंधन घातलं. सरदाराने एक वर्ष एदोत राहायचं, एक वर्ष आपल्या मुलखात. बायको आणि वारस मात्र कायम एदोत. मानाने, वाड्यात, दासदासींसह, पण ओलीस. सरदाराने बंड करायचं ठरवलं तर तो आधी दोन गोष्टी करणार: बायकोला गुपचूप राजधानीबाहेर काढणार आणि बंदुका गुपचूप राजधानीत आणणार. म्हणून राजधानीकडे येणाऱ्या रस्त्यांवर तपासणी नाकी बसवली. नाक्यांवर काय बघायचं त्याची म्हणच झाली जपानीत. तिचा अर्थ, "आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका".

मी ही म्हण पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. बंदूक आणि बाई एकाच यादीत!

एदो आणि क्योतो यांना जोडणारा समुद्राकाठचा रस्ता होता, तोकाइदो. त्यावर हाकोने आणि आराई इथली नाकी सगळ्यांत कडक. बंदुका न्यायच्या तर किती, कुणाच्या, कुठून कुठे, हे लिहिलेला वरच्या दरबाऱ्यांचा कागद लागे. बाईला जायचं तर तिचाही कागद लागे, आणि त्यात बंदुकीपेक्षा बारीक वर्णन. ती कुणाची कोण, लग्न झालेली की विधवा, संन्यासिनी आहे का, केस कसे, कापलेले की बांधलेले. पुरुषांना इतका जाच नव्हता. बायकांना तपासायला नाक्यावर बायकाच नेमलेल्या असत, वयस्कर, अनुभवी. त्या अंबाडा सोडून बघत. कागदात लिहिलंय तीच ही बाई, की वेष पालटलेली सरदारीण?

१६८१ साली इनोउए त्सूजो नावाची एक विदुषी एदोला निघाली होती, सरदार घराण्यातल्या स्त्रीच्या सेवेत रुजू व्हायला. वय विशी-बाविशीचं. कविता करायची, प्रवासाची रोजनिशी लिहायची. आराईच्या नाक्यावर तिला अडवलं. का, तर तिच्या किमोनोच्या बाह्या अविवाहित मुलीच्या होत्या, आणि कागदावर नुसतं "स्त्री" लिहिलं होतं, "मुलगी" असं लिहिलं नव्हतं. झालं. नवा कागद मागवावा लागला, तो येईपर्यंत तिथेच खोळंबा. तिने ते सगळं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं. आधारकार्डावर एक नाव, पॅनकार्डावर दुसरं, आणि बँकेच्या खिडकीवर उभी असलेली बाई, हे चित्र आपल्याला काही परकं नाही.

ही नाकी अडीचशे वर्षं चालली. १८६९ मध्ये बंद झाली. खेड्यांत रानडुकरं आणि हरणं हाकायला काही बंदुका असत, पण त्यांचीही नोंद असे. म्हणजे जपानी माणसाच्या मनात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या बसली की बंदूक सरकारला सांगून ठेवायची वस्तू आहे, ती कपाटात ठेवून विसरून जायची नाही. हेतू काही लोकांच्या सुरक्षिततेचा नव्हता, हे लक्षात घ्या. गादी टिकवण्याचा होता. त्यासाठी बायकांनाही डांबलं होतं. पण सवय लागली ती लागलीच.

पुढे दुसरं महायुद्ध झालं, जपान हरला, आणि १९५८ साली आजचा कायदा आला. त्याची सुरुवातच अशी की कुणीही बंदूक किंवा तलवार बाळगायची नाही. मग अपवाद. शिकारीची किंवा नेमबाजीची बंदूक हवी असेल तर वर्गात बसा, लेखी परीक्षा द्या, नेम धरून दाखवा, मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा. पोलीस घरी येतात, चौकशा करतात. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. वर्षातून एकदा बंदूक पोलिसांना दाखवायला न्यायची, दर तीन वर्षांनी परवाना नवा करायचा. पिस्तूल तर सामान्य माणसाला नाहीच. परदेशी पाहुण्याला सूट नाही. साधा सहा सेंटिमीटरच्या वरचा चाकूसुद्धा कारणाशिवाय खिशात सापडला तर चौकीत बसवतात. सफरचंद कापायचा चाकू पर्समध्ये टाकून तिथे हिंडायचा विचार असेल तर सोडून द्या.

याचा उपयोग होतो का? २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मोजणी होती. अमेरिकेत दर शंभर माणसांमागे १२० बंदुका, जपानमध्ये शंभरामागे एकही नाही, ०.३. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण बंदूक म्हटलं की आपल्याला फक्त दरोडेखोर दिसतो. जपानमध्ये गोळीने मरणारे बऱ्याच वर्षी हातांच्या बोटांवर मोजावेत इतके. २०२२ च्या जुलैमध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना भर सभेत गोळी घातली गेली. कुणी म्हणेल, बघा, काय उपयोग कायद्याचा? पण ती बंदूक त्या माणसाने घरी नळ्या जोडून बनवली होती, कारण दुकानातून त्याला मिळत नव्हती. त्यानंतर तिथला कायदा आणखी आवळला गेला.

आता अमेरिकेकडे वळते. आपली समजूत अशी की तिथे पहिल्यापासून सगळे कमरेला पिस्तूल लावूनच फिरत होते. सिनेमांनी ती पक्की केली. खरी हकिकत जरा वेगळी आहे. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती आली हे खरं. पण ज्या पश्चिमेकडच्या मुलखावर ते घोडेस्वारांचे सिनेमे निघतात, तिथल्या गावांत पाहुण्यासाठी नियम होता की गावात शिरलात की बंदूक जमा करा. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात चांदीची खाण होती, जगभरचे लोक येत. १८८१ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नगरपालिकेने ठराव केला की गावात हत्यार घेऊन फिरायचं नाही. येणाऱ्याने ते तबेल्यात किंवा खानावळीत ठेवायचं, जाताना परत घ्यायचं. देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसं. त्याच वर्षीच्या २६ ऑक्टोबरला तिथे जी गाजलेली चकमक झाली, तीस सेकंदांत तीन माणसं मेली, तिची ठिणगी या नियमावरूनच पडली. काही जण हत्यारं न ठेवता गावात हिंडत होते आणि मार्शल ती काढून घ्यायला गेला होता. आज त्याच ॲरिझोनात मोठ्या माणसाला परवाना न घेता पिस्तूल लपवून फिरता येतं. २०१० पासून. म्हणजे १८८१ चं खाणगाव आजच्या राज्यापेक्षा कडक होतं!

ही सैल सवय प्रवासात कशी वागते ते बघा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. दहातल्या नऊंहून अधिक भरलेल्या. यातले बहुतेक लोक विमान पळवायला निघाले नव्हते. विचारलं तर सांगतात की विसरलो. आपण पर्समध्ये सुट्टे पैसे विसरतो, तसं ही माणसं पिस्तूल विसरतात. आपल्या देशात असतील तर दंड भरून सुटतात. सीमा ओलांडली की भाव बदलतो.

कॅरिबियन समुद्रात टर्क्स आणि केकॉस नावाची बेटं आहेत, ब्रिटनच्या ताब्यातली. पांढरी वाळू, निळं पाणी, अमेरिकन लोकांचं सुट्टीचं ठिकाण. तिथे काडतूस जरी सापडलं तरी कमीत कमी बारा वर्षं कैद, असा कायदा होता. २०२४ च्या वसंतात एकामागून एक अमेरिकन प्रवासी परतताना तिथल्या विमानतळावर पकडले गेले. कुणाच्या बॅगेत चार काडतुसं, कुणाच्या दोन. हरणाच्या शिकारीला वापरलेली बॅग, अस्तरात राहून गेलेली. एक नवरा-बायको वाढदिवस साजरा करायला गेले होते, दोघांनाही पकडलं, घरी लहान मुलं. बायकोवरचा आरोप पुढे मागे घेतला, ती परत आली, नवरा तिथेच अडकला. एक बाई मातृदिनाच्या सहलीला आलेली. महिनोन्‌महिने या लोकांनी खटल्याची वाट बघत काढले. शेवटी न्यायालयाने अपवादात्मक परिस्थिती मान्य करून त्यांना सोडलं, कुणाला दंड, कुणाला स्थगित शिक्षा. जूनमध्ये कायदा बदलून न्यायाधीशांच्या हाती थोडी मोकळीक दिली.

अमेरिकन वर्तमानपत्रांत खूप हळहळ व्यक्त झाली, आणि मलाही त्या मुलांच्या आईबद्दल वाईट वाटलं. पण बेटावरच्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं. त्यांच्याकडे बंदुकीचा कारखाना नाही. तिथे खून मात्र लोकसंख्येच्या मानाने भयंकर होतात, आणि त्यातली हत्यारं बहुतांशी अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येतात. एवढ्याशा बेटाने कितीही कडक कायदा केला तरी शेजारच्या मोठ्या घराचं दार सताड उघडं असेल तर काय होणार? जपानला ते जमलं याचं एक कारण हेही आहे की त्याच्या शेजारी असं दार नव्हतं.

आपल्याकडेही या बाबतीत काही कमी इतिहास नाही. १८७८ साली व्हॉइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियन माणसाला मात्र परवान्याची गरज नाही. एकाच बोटीतून मुंबई बंदरात उतरलेल्या दोघांच्या पेटीत सारखीच बंदूक असली तरी नियम कातडीचा रंग बघून. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, त्यात हा भेद उरला नाही, परवाना मात्र सगळ्यांनाच लागतो. आणि नुसतं काडतूसही परवान्याशिवाय चालत नाही.

हे आम्हाला घरातच कळलं. आमच्या नात्यातले एक काका सैन्यातून निवृत्त होऊन बँकेत सुरक्षारक्षक होते, परवान्याची बंदूक होती. त्यांची जुनी पण दणकट बॅग पुतण्याने पहिल्या नोकरीला जाताना नेली. विमानतळावर यंत्रातून बॅग गेली आणि थांबली. बाजूच्या कप्प्याच्या शिवणीत एक रिकामी पुंगळी. उडवलेलं काडतूस, आत दारू नाही, गोळी नाही. तरी पोरगा चार तास खुर्चीवर. विमान गेलं. काकांना गावाहून परवान्याच्या प्रती पाठवाव्या लागल्या. काकू नंतर कितीतरी दिवस म्हणत होत्या, "मी ती बॅग धुतली होती हो, दोनदा धुतली होती!" सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगून ठेवलंय की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, आपल्याजवळ ही वस्तू आहे हे माणसाला माहीत हवं. त्या आधाराने उच्च न्यायालयांनी विसरलेल्या एखाद्या काडतुसाचे खटले अनेकदा रद्द केले आहेत, त्यांत परदेशी प्रवाशांचेही. पण उच्च न्यायालयापर्यंत जायचं म्हणजे वकील आला, पैसा आला आणि परगावी मुक्काम आला. जिवंत काडतूस असतं तर आमच्या पोराचं काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

आता योशीच्या आईकडे परत जाऊ. मिएको हात्तोरी त्यांचं नाव, वडील मासाइची. गोळी झाडणाऱ्याला पोलिसांनी सुरुवातीला सोडूनच दिलं होतं. जपानच्या वकिलातीने आणि राज्याच्या गव्हर्नरांनी आवाज उठवल्यावर खटला उभा राहिला. १९९३ च्या मे महिन्यात पंचांनी त्याला निर्दोष ठरवलं. आपल्या घराचं रक्षण करायला माणूस बंदूक चालवू शकतो, हे तिथल्या बारा सामान्य माणसांना पटलं. त्यांना ते मनापासून पटलं असणार, त्यांनी कुणाच्या दबावाने निकाल दिला नाही. मला त्या खटल्यातलं सगळ्यांत अवघड तेच वाटतं. पुढच्या वर्षी दिवाणी खटल्यात न्यायाधीशांनी मात्र गोळी झाडायला काहीही सबळ कारण नव्हतं असं सांगून साडेसहा लाख डॉलरच्या आसपास भरपाई ठरवली. त्यातले हाती आले ते विम्याचे एक लाख.

मिएकोबाईंनी मुलाच्या अंत्यविधीपासूनच सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या घरांमधून बंदुका दूर व्हाव्यात, एवढी मागणी. जपानभर फिरत फिरत सह्या सतरा लाखांच्या घरात गेल्या. तिकडे अमेरिकेत ज्या घरात योशी राहत होता त्या प्राध्यापक आणि डॉक्टर दांपत्याने लाखाहून अधिक सह्या जमवल्या. आपल्या घरी पाहुणा आलेला दुसऱ्याचा मुलगा असा गेल्यावर ती बाई कशी झोपली असेल, मला सांगता येत नाही. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये हात्तोरी पती-पत्नी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. त्याच महिन्याच्या तीस तारखेला ब्रेडी कायद्यावर सही झाली. पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायची, त्यासाठी पाच दिवस थांबायचं, असा तो कायदा. हात्तोरींच्या सह्यांमुळेच तो झाला असं मी म्हणणार नाही. त्यामागे सारा ब्रेडी नावाच्या बाईंची कित्येक वर्षांची धडपड होती. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या डोक्यात गोळी लागून तो जन्माचा अपंग झाला होता.

विम्याच्या त्या पैशांतून हात्तोरींनी दोन निधी काढले. एक बंदुकांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना मदत करायला. दुसरा अमेरिकन शाळकरी मुलांना जपानमध्ये शिकायला आणायला. होय, आणायला. बंदूक नसलेल्या गावात संध्याकाळी रस्त्याने चालताना कसं वाटतं हे त्या मुलांनी वर्षभर राहून बघावं, अशी त्या आईबापांची इच्छा.

तर वहिनी, तुम्ही ऐकत असाल. मुलीला तो कागद वाचू द्या, तिने नीट वाचलाय याची खात्री करा. संध्याकाळनंतर कुणाकडे पहिल्यांदा जायचं असेल तर पत्ता दोनदा ताडून बघायचा आणि आधी फोन करायचा. अंधारात अनोळखी घराची घंटी वाजवायची नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस शहरात सोळा वर्षांच्या एका मुलाने धाकट्या भावंडांना आणायला जाताना असंच रस्त्याच्या नावात चुकून भलत्या दाराची घंटी वाजवली होती. दाराआडून गोळ्या आल्या. तो वाचला. आणि "फ्रीझ" या शब्दाचा दुसरा अर्थ तिला माहीत आहे का, विचारा.

परवा मी आणि वहिनी, आम्ही दोघींनी मिळून तिच्या बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या. त्यातली मोठी बॅग तिच्या मामाची आहे, आणि मामा वनखात्यात आहेत. प्रत्येक कप्पा उलटा करून झटकला, शिवणींतून बोट फिरवलं. मुलगी दारात उभी राहून हसत होती. एक एसटीचं जुनं तिकीट निघालं आणि चिमूटभर बडीशेप. मग मेतकूट आत गेलं.

आज इथेच थांबते. नमस्कार.